एक तार, पाच पत्ते

कार्यालयातला राउटर सहसा नॅट वापरतो. आतली सगळी उपकरणं १९२.१६८ने सुरू होणारे खासगी पत्ते वापरतात आणि बाहेर एकाच सार्वजनिक आयपीने ओळखली जातात. पण एखाद्या कार्यालयाला मेल सर्व्हर, वेबसाइट आणि व्हीपीएन यांना स्वतंत्र पत्ते हवे असले, की इंटरनेट कंपनीकडून ‘/२९’ घ्यावा लागतो. फेब्रुवारी २०११मध्ये पत्त्यांचं जागतिक वाटप पाहणाऱ्या आयानाकडचे आयपीव्ही४चे मोकळे गट संपले, तेव्हापासून असे पत्ते हात राखूनच मिळतात.

/२९ म्हणजे आठ पत्ते. उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या मालिकेतले २०३.०.११३.८ ते १५ घेऊ. ८ नेटवर्कचा, १५ ब्रॉडकास्टचा, ९ बहुधा कंपनीच्या गेटवेचा. हाती राहिले पाच.

इथे बहुतेक जण लगेच राउटरची सेटिंग्ज उघडतात. माझा आग्रह आहे, आधी एकच गोष्ट तपासा: हा गट कंपनी तुमच्या राउटरच्या हवाली करते, की सगळे पत्ते तारेवरच आहेत असं धरून चालते? मोबाइल डेटावरून गटातल्या न वापरलेल्या पत्त्याला, समजा १२ला, पिंग करा आणि राउटरच्या बाहेरच्या पोर्टवर येणारी पाकिटं दाखवणारं टीसीपीडम्प लावा. पिंगची पाकिटं सरळ येताना दिसली, तर गट तुमच्याकडे राउट झालेला आहे. त्याऐवजी ‘१२ कोणाकडे आहे?’ अशी एआरपीची विचारणा दिसली, तर कंपनीचं यंत्र खुद्द १२च्या मालकाला तारेवर शोधतंय. उद्या १२ राउटरमागच्या सर्व्हरला दिला, तरी तो त्या तारेवर नसल्याने उत्तर मिळणार नाही, आणि पाकीट तिथेच संपेल.

पहिला प्रकार सोपा. राउटरचा बाहेरचा पत्ता वेगळा असतो; गटातला एक पत्ता आतल्या पोर्टला द्या, उरलेले थेट सर्व्हरना. नॅटची गरजच नाही.

दुसऱ्या प्रकारात राउटरने पाचही पत्त्यांसाठी एआरपीला उत्तर द्यायला हवं. प्रॉक्सी एआरपीने ते जमतं, पण लहान कार्यालयाला मी हे पत्ते राउटरच्या बाहेरच्या पोर्टला जोडून वन-टू-वन नॅटच सुचवेन: बाहेरचा ११ म्हणजे आतला १९२.१६८.१.११, येताना आणि जातानाही. ‘जातानाही’ फार महत्त्वाचं आहे. नुसतं पोर्ट फॉरवर्डिंग केलं, तर मेल ११वर येते, पण बाहेर पडते राउटरच्या मुख्य पत्त्यावरून, समजा १०वरून. समोरचा मेल सर्व्हर १०ची उलटी डीएनएस नोंद पाहतो, नाव जुळत नाही आणि पत्र स्पॅममध्ये जाऊ शकतं. मेल बिघडली म्हणून सर्व्हर पुन्हा पुन्हा तपासला जातो, आणि दोष असतो राउटरच्या एका नियमात.

सार्वजनिक पत्ता दिला, म्हणून फायरवॉल काढू नका. राउट केलेल्या गटात तर नॅटचा आडोसाही नसतो. मेल सर्व्हरला बाहेरून मेल घ्यायला पोर्ट २५ पुरेसं आहे. कर्मचाऱ्यांनी बाहेरून पत्रं वाचायची-पाठवायची असतील तर ९९३ आणि ५८७ उघडा. बाकी सगळं बंद.