नरक्याची साल आणि काविळीचा पाला

कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड, आजरा, राधानगरीच्या जंगलांत नरक्या नावाचे मध्यम उंचीचे झाड आढळते. फुलोरा आला की त्याचा उग्र, नकोसा वास आसपास भरून राहतो. कोणी मुद्दाम जवळ जावे असे त्यात काही नाही. तरीही गेली काही दशके हे झाड चोरून तोडले जाते, ढलप्या करून पोत्यांत भरले जाते, आणि वनखाते असा माल पकडून गुन्हे दाखल करत असते. कारण नरक्याच्या साली-लाकडात कॅम्प्टोथेसिन असते आणि त्यापासून कर्करोगावरची औषधे तयार होतात.

या द्रव्याचा शोध 1966 साली अमेरिकेत एका चिनी झाडात लागला. तो लावणाऱ्या दोघांपैकी एक, मनसुख वाणी, आपल्या नंदुरबारचे. पुढे 1972 मध्ये मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातून टी. आर. गोविंदाचारी आणि त्यांच्या सहकाऱ्याने तेच द्रव्य नरक्यात असल्याचे दाखवून दिले. ‘कॅन्सरचे औषध आपल्याच जंगलात आहे’ असे कोल्हापुरात अभिमानाने सांगितले जाते ते यामुळे, आणि तो अभिमान रास्तच आहे. पण या गोष्टीचा उत्तरार्ध क्वचितच सांगितला जातो आणि झाडपाल्याबद्दलच्या निम्म्या गैरसमजांचे उत्तर त्या उत्तरार्धातच आहे.

‘झाडपाल्याचा अपाय होत नाही’

कॅम्प्टोथेसिन रुग्णांना देऊन पाहिले तेव्हा लघवीतून रक्त जाऊ लागले, रक्तपेशी घटल्या, जुलाब थांबेनात. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीलाच त्या चाचण्या बंद कराव्या लागल्या. द्रव्य तर शंभर टक्के निसर्गातले होते. ते पेशींमध्ये नेमके कुठे घाव घालते हे 1985 च्या सुमारास उमगले, रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या रचनेत फेरफार केले, मात्रा ठरवली, आणि 1996 साली टोपोटेकान व इरिनोटेकान ही दोन औषधे अमेरिकेत मंजूर झाली. साल ते सलाईन हा प्रवास तीस वर्षांचा. तेव्हा नरक्याची साल उकळून कॅन्सरच्या रुग्णाला पाजायला कोणी सांगत असेल, तर तो औषध सांगत नसून विष सांगतो आहे.

घरोघरच्या गुळवेलीचेही असेच. कोरोनाच्या काळात प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून गावोगाव गुळवेलीचे काढे उकळले गेले. सप्टेंबर ते डिसेंबर 2020 या चार महिन्यांत मुंबईच्या यकृततज्ज्ञांना गुळवेल घेणारे सहा रुग्ण यकृताला सूज आलेले आढळले. पाठोपाठ देशातल्या 13 केंद्रांनी मिळून अशा 43 रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांतल्या बऱ्याच जणांत शरीराची प्रतिकारयंत्रणाच यकृतावर उलटल्याची लक्षणे होती. आयुष मंत्रालयाने यावर आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वेल गुळवेलच होती कशावरून, दिसायला तशीच दुसरी जात असेल, असे मंत्रालयाचे म्हणणे होते.

आक्षेप घटकाभर मान्य केला तरी घरी काढा करणाऱ्याची काळजी वाढतेच. वनस्पतीची ओळख हे तज्ज्ञाचे काम आहे. शिवाजी विद्यापीठाच्या श्रीरंग यादव आणि मिलिंद सरदेसाई यांनी 2002 साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या वनस्पतींचा जाडजूड ग्रंथ सिद्ध केला, तो फुलाच्या पाकळीपासून फळाच्या शिरेपर्यंत तपासत, वर्षानुवर्षे डोंगर पालथे घालून. बाजाराच्या दिवशी पथारीवर मांडलेल्या सुकल्या मुळ्या-काड्यांतली कोणती कशाची, हे तिथे उभे राहून सांगणे अनुभवी वनस्पतिशास्त्रज्ञालाही अवघड जाते. गिऱ्हाईक कसे सांगणार?

न्यायाने बोलायचे तर यकृताला इजा करण्यात दवाखान्यातली औषधेही मागे नाहीत. भारतात औषधांमुळे यकृत बिघडलेल्या 1288 रुग्णांची नोंद 2021 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांत सुमारे 46 टक्के रुग्ण क्षयरोगावरच्या गोळ्यांमुळे आजारी पडलेले होते आणि सुमारे 14 टक्के आयुर्वेदिक, वनौषधी व तत्सम उपचारांमुळे. फरक एवढाच की क्षयाच्या गोळीचा धोका माहीत आहे, म्हणून डॉक्टर रक्त तपासतात आणि डोळे पिवळे दिसले की गोळी थांबवतात. काढ्याच्या बाबतीत मुळात कोणी लक्षच ठेवत नाही.

‘काविळीवर डॉक्टरकडे औषध नाही, पाल्यानेच उतरते’

कोल्हापूर जिल्ह्यात सर्वांत खोल रुजलेला समज हाच. 2012 च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. पंचगंगेच्या दूषित पाण्यातून हिपॅटायटिस ई पसरला, हजारो लोक आजारी पडले, काही दगावले. अशा वेळी पाला देणाऱ्यांकडे रांग लागते, आणि रांगेतले बहुतेक जण बरेही होतात.

ते बरे का होतात? दूषित पाण्यातून येणारी ए आणि ई प्रकारची कावीळ बहुतेकांच्या शरीरातून काही आठवड्यांत आपोआप जाते. यकृत स्वतःला सावरते. या काळात घेतलेल्या कशालाही गुण आल्यासारखे वाटते, मग तो एरंडाचा रस असो, उसाचा असो की नाकात सोडलेले थेंब. डॉक्टरही या काविळीत विश्रांती, आहार आणि तपासणी यांवर भर देतात, म्हणूनच ‘त्यांच्याकडे औषध नाही’ हा समज पसरला. औषधाची गरज नसणे आणि उपचार ठाऊक नसणे यांत फार अंतर आहे.

कावीळ उतरवण्याचा एक प्रकार तर उघड फसवणुकीचा. रुग्णाच्या हाताला कसला तरी रस चोळतात आणि चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावतात. पाणी पिवळेधमक होते, ‘बघा, कावीळ निघाली’ म्हणतात. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी हे जाहीर कार्यक्रमांतून कितीदा करून दाखवले आहे. आंब्याच्या सालीचा रस चुन्याच्या निवळीत मिसळला की पाणी पिवळे होते, मग हात काविळीच्या रुग्णाचे असोत की ठणठणीत माणसाचे.

भुईआवळ्याची कथा अधिक गंभीरपणे ऐकण्याजोगी. मद्रासच्या संशोधकांनी 1988 साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले की, हिपॅटायटिस बीचा विषाणू बाळगणाऱ्या 37 जणांना भुईआवळा दिल्यावर 22 जणांच्या रक्तातली विषाणूची खूण नाहीशी झाली. खोटे औषध दिलेल्या 23 जणांत असा एकच निघाला. जगभर आशा पल्लवित झाली. इतर ठिकाणी प्रयोग झाले, तेव्हा मात्र तसा गुण दिसेना. विज्ञानाने भुईआवळ्याला दार लावून घेतले नव्हते, उलट पुन्हा पुन्हा संधी दिली होती. पहिला निकाल टिकला नाही, इतकेच.

पाल्याची वाट बघण्यात वेळ जातो आणि खरा घात तिथे होतो. पित्तनलिकेत खडा अडकला, स्वादुपिंडात गाठ झाली, लेप्टोस्पायरोसिस झाला तरी डोळे पिवळेच होतात. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटिस ई झाला तर शंभरातल्या वीस-पंचवीस स्त्रिया दगावू शकतात. अशा बाईला पथ्य सांगून घरी ठेवणे अक्षम्य आहे.

‘साप चावला तर मुळी उगाळून पाजावी’

आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी, आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक दंशात विष शरीरात जातेच असे नाही. मुळीचे यश या दोन गोष्टींवर उभे आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांचे विष अंगात गेले तर उतारा एकच, सर्पविषाची प्रतिलस. भारतात 2000 ते 2019 या काळात दरवर्षी सरासरी 58 हजार लोक सर्पदंशाने मेल्याचा अंदाज आहे. उसाच्या फडात दंश झाला तर 108 ला फोन करून कोल्हापूरचे सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) किंवा जवळचे सरकारी रुग्णालय गाठावे. दंश झालेल्याला उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा महाराष्ट्रात 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे.

‘आधुनिक वैद्यक वनस्पतींना मानत नाही’

मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली सर्पगंधेची रक्तदाबाच्या रुग्णांवर चाचणी घेऊन ती ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केली आणि जगाचे लक्ष या मुळीकडे वळले. 1952 मध्ये तिच्यातून रेसरपीन वेगळे काढण्यात आले. रक्तदाबावर सुरुवातीच्या खऱ्या गुणकारी औषधांपैकी ते एक. पुढे त्याने काही रुग्णांना खोल नैराश्य आल्याच्या नोंदी झाल्या, अधिक सुरक्षित गोळ्या आल्या आणि ते मागे पडले. चीनच्या तू यूयू यांना हिवतापावरच्या आर्टेमिसिनिनसाठी 2015 चे नोबेल मिळाले, तेही एका पारंपरिक वनस्पतीतूनच आले आहे. बद्धकोष्ठावर इसबगोल आणि सोनामुखी आजही डॉक्टर लिहून देतात. चाचणीत उतरलेल्या वनस्पतीला दवाखान्यात जागा मिळते, आणि अपाय दिसला तर ती जागा जातेही.

‘डॉक्टरांची गोळी आणि झाडपाला दोन्ही एकत्र घेतले तर लवकर गुण येतो’

सांगलीची हळद जगात नावाजलेली. तिच्यातले कर्क्युमिन शरीरात फारसे शोषले जात नाही, म्हणून गोळ्यांत मिऱ्याचा अर्क घालतात. तो शोषण कैक पटींनी वाढवतो, पण सोबत घेतलेल्या दुसऱ्या औषधांचेही, फिटच्या गोळीचेसुद्धा, रक्तातले प्रमाण वाढवू शकतो. भाजीतली हळद निर्धोक आहे. रोजच्या गोळीबद्दल तसे म्हणता येत नाही, हळदीच्या अर्काने यकृत सुजल्याचे रुग्ण नोंदले गेले आहेत.

सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांपासून तर लांबच राहावे. दोन दिवसांत गुडघा मोकळा झाला, भूक वाढली, तोंड गोल दिसू लागले, तर पुडीत स्टेरॉइड मिसळलेले असण्याची शंका घ्यावी. त्याने साखर चढते, हाडे ठिसूळ होतात. अशी पुडी एकदम बंद करणेही धोक्याचे, ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी लागते. भस्मांचीही चौकशी करावी. इंटरनेटवरून मागवलेल्या 193 आयुर्वेदिक उत्पादनांची 2008 साली अमेरिकेत तपासणी झाली, तेव्हा सुमारे एक पंचमांश उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले.

दवाखान्यात जाताना काढा, चूर्ण, पुडी जे काही चालू असेल ते डब्यासकट सोबत न्यावे. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नये, आणि शस्त्रक्रिया ठरली असेल तर आधीच सांगावे. डॉक्टरांनीही न रागावता विचारावे, कारण रागावले की पुढच्या खेपेला रुग्ण सांगत नाही. कोणत्याही औषधाचा अपाय जाणवला तर सरकारच्या 1800-180-3024 या मोफत क्रमांकावर तो कळवता येतो.