नागपूरची जुनी सेडान घेताना

दहा-बारा वर्षांची करोला अल्टिस किंवा होंडा सिटी आज छोट्या नव्या गाडीपेक्षा स्वस्तात मिळते. ऐसपैस जागा, मोठी डिकी. घरातल्या पाच जणांसाठी सौदा चांगलाच. पण ती नागपुरात वाढली असेल, तर किलोमीटरच्या आकड्याआधी उन्हाचा हिशेब करा.

इथला मे महिना 45 अंशांपलीकडे जातो. त्या तापाने रबर कडक होतं, तडकतं. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी बाजूवरचे चार अंक वाचा : 2316 म्हणजे 2016 सालचा तेविसावा आठवडा. एवढा जुना टायर बदलायचाच, आणि ती रक्कम किमतीतून वजा करून घ्यायची.

मालकाला सांगा, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. इंजिन गार असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा. हिरवं किंवा गुलाबी कूलंट दिसलं तर ठीक. तांबूस, गढूळ पाणी असेल तर आतून गंज धरलाय. वर्षानुवर्षं नळाचंच पाणी भरलेलं असण्याची शक्यता मोठी. अशा गाडीचं इंजिन उन्हाळ्यात तापतं, ॲल्युमिनियमचं हेड वाकतं, गॅस्केट जातं आणि पाणी ऑइलमध्ये उतरतं. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली, की मला तरी तो सौदा नको वाटतो.

एसी भर दुपारी, गाडी उभी ठेवून तपासा.

एक गोष्ट नागपूरच्या बाजूची : खारा वारा नाही, म्हणून पत्रा मुंबईच्या गाडीपेक्षा सहसा कमी गंजतो. आरसीवर मुंबईचा नंबर असेल तर खाली वाकून तळ जरूर बघा. नोंदणीला पंधरा वर्षं होत आली असतील, तर नूतनीकरणाचा खर्चही धरा.