कपड्यांवरून स्पर्श आणि पोक्सो: वरच्या कोर्टात खरोखर काय ठरले

‘कपड्यांवरून हात लावला तर पोक्सो लागत नाही, हायकोर्टानेच सांगितलंय.’ हा समज ज्या निकालावर उभा आहे, तो दिल्यापासून आठव्या दिवशी स्थगित झाला आणि त्याच वर्षी रद्दही झाला. समज मात्र रद्द व्हायला तयार नाही.

नागपुरात २०१६ साली एका माणसाने पेरू देण्याच्या बहाण्याने बारा वर्षांच्या मुलीला घरात नेले आणि कपड्यांवरून तिच्या अंगाला वाईट हेतूने हात लावला. सत्र न्यायालयाने त्याला पोक्सोच्या (बालकांचे लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण करणाऱ्या कायद्याच्या) कलम ८ खाली तीन वर्षांची शिक्षा दिली. अपिलात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातील न्या. पुष्पा गनेडीवाला यांनी १९ जानेवारी २०२१ रोजी ही शिक्षा रद्द केली. त्वचेचा त्वचेला स्पर्श झालेला नाही, म्हणून हा पोक्सोतला ‘लैंगिक हल्ला’ नव्हे, असे त्यांचे म्हणणे. उरला विनयभंग, आणि एक वर्षाची शिक्षा.

इथे एक गोष्ट हमखास निसटते. मुलगी खोटे बोलली, असे उच्च न्यायालयाने म्हटलेच नव्हते. घटना मान्य होती. वाद होता तो लैंगिक हल्ल्याची व्याख्या करणाऱ्या कलम ७ मधल्या शब्दांच्या अर्थाचा. त्या कलमात ‘त्वचा’ हा शब्द कुठेही नाही. लैंगिक हेतू आणि स्पर्श, एवढेच त्यात आहे.

तत्कालीन महान्यायवादी के. के. वेणुगोपाल स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेले. हा अर्थ धरला तर हातमोजे घालून मुलाला हात लावणाराही सुटेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी न्या. उदय लळित, एस. रवींद्र भट आणि बेला त्रिवेदी यांनी उच्च न्यायालयाचा निकाल रद्द करून तीन वर्षांची शिक्षा पुन्हा कायम केली. महत्त्वाचा तो लैंगिक हेतू, मधले कापड नव्हे. हा अर्थ देशातल्या प्रत्येक न्यायालयावर बंधनकारक आहे. पालघर जिल्ह्यातल्या कैनाडचा खटला असो की तलासरीचा, तिथले अपील मुंबईच्या उच्च न्यायालयात चालते आणि त्यालाही हाच अर्थ लागू.

बाकीचे समज थोडक्यात:

‘अपील म्हणजे खटला पहिल्यापासून.’ नाही. खालच्या कोर्टात नोंदलेल्या साक्षी-पुराव्यांची तपासणी होते. मुलाला पुन्हा साक्षीला बोलावणे हा अपवाद.

‘अपील केले की आरोपी सुटतो.’ शिक्षा आपोआप थांबत नाही. न्यायालयाने थांबवलीच, तर कारणे लेखी द्यावी लागतात. आणि जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे.

‘जखम नाही, म्हणजे केस नाही.’ कलम ७ च्या गुन्ह्याला जखमेची अटच नाही.

‘अपिलाचा हक्क फक्त आरोपीला.’ आरोपी सुटला तर सरकार अपील करू शकते आणि २००९ च्या अखेरपासून पीडितही.

‘हायकोर्टाचा शब्द शेवटचा.’ मुंबईच्या अँकरेज बालगृहातल्या मुलांच्या लैंगिक शोषणाच्या प्रकरणातले आरोपी २००६ मध्ये दोषी ठरले, २००८ मध्ये उच्च न्यायालयातून सुटले आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची शिक्षा पुन्हा कायम केली.

‘गरिबाला वरचे कोर्ट परवडत नाही.’ सरकारची बाजू सरकारी वकील मांडतोच. शिवाय विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला, स्त्रीला आणि बालकाला वकील मोफत मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करता येतो.