तेलबीला ओल सोसत नाही

परसातलं सूर्यफूल कधी काढायचं, हे त्याच्या पाठीकडे बघून कळतं. कणसाची मागची बाजू हिरवी असेपर्यंत दाणे भरत असतात. ती लिंबासारखी पिवळी झाली की दाणा पक्व. पण त्यात अजून साधारण 35 टक्के पाणी असतं. पाठ तपकिरी होईपर्यंत झाडावर ठेवायचं तर पोपटांपासून राखायला सुती फडकं बांधावं. प्लॅस्टिकची पिशवी नको, आत घाम धरून बुरशी येते. नाहीतर पिवळं कणीस देठासकट कापून वाऱ्याच्या जागी उलटं टांगावं. फुलं कडेकडून मध्याकडे उमलतात आणि दाणेही त्याच क्रमाने पिकतात, म्हणून बियाण्याला कडेचे टपोरे दाणे घ्यावेत. मधले पुष्कळदा पोचट निघतात.

दाणे चोळून, पाखडून झाले की काम संपलं असं वाटतं. खरी काळजी इथून पुढे घ्यायची. ज्वारी 12 टक्के ओलाव्यावर बिनघोर साठवता येते, सूर्यफूल मात्र 9 टक्क्यांच्या खाली आणावं लागतं. कारण तेल पाणी धरत नाही. दाण्यात 40 टक्के तेल आणि 10 टक्के पाणी असेल, तर ते सगळं पाणी उरलेल्या 60 टक्क्यांत एकवटतं आणि तिथला ओलावा 17 टक्क्यांच्या आसपास जातो. बुरशीला तेवढा पुरतो. टरफल खडखडीत वाजतं म्हणून त्यावर विसंबू नये. आतला गर मोडून पाहावा: दबला तर ओला, कटकन तुटला तर वाळलेला.

हा खटाटोप वाया जात नाही. अमेरिकी बीजशास्त्रज्ञ जेम्स हॅरिंग्टन यांच्या ठोकताळ्यानुसार ओलावा 1 टक्क्याने घटला की बियाण्याचं आयुष्य सुमारे दुप्पट होतं. तापमान 5 अंश सेल्सिअसने उतरलं तरी तेवढंच. म्हणून घट्ट झाकणाची काचेची बरणी फ्रीजमध्ये ठेवणं मला सर्वांत भरवशाचं वाटतं. बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नये, नाहीतर गार दाण्यांवर दव धरतं. खाण्यासाठीचे दाणेही टरफलासकटच ठेवावेत. सोललेल्या गराला हवा लागून तो लवकर खवट होतो.

काढणीनंतर लगेच पेरलेलं बी उगवलं नाही, तर ते मेलं असं समजून टाकून देऊ नका. ताज्या बियाला काही आठवड्यांची सुप्तावस्था असते. मूळ पाकिटावर ‘संकरित’ लिहिलेलं असेल, तर त्या झाडाचं बी खायला ठेवा, पुढची पिढी एकसारखी येत नाही. पेरायला ‘भानू’ किंवा ‘फुले भास्कर’सारखं सुधारित वाण बरं.