प्लेस्टेशन ५ की एक्सबॉक्स?

नोव्हेंबर २०२० मध्ये सोनी आणि मायक्रोसॉफ्टने दोन दिवसांच्या अंतराने नवे कन्सोल आणले. एक्सबॉक्स भारतात लगेच, १० नोव्हेंबरला मिळाला. प्लेस्टेशन ५ साठी २ फेब्रुवारी २०२१ उजाडला.

● किंमत (भारतात येताना): प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स, दोन्ही ४९,९९० रुपये. बिनडिस्कचे भाऊबंद स्वस्त: प्लेस्टेशन डिजिटल ३९,९९०, सिरीज एस ३४,९९०.

● ताकद: चित्र रंगवण्यात सिरीज एक्स सरस (१२ टेराफ्लॉप्स विरुद्ध १०.२८). साठवणीतून माहिती उचलण्यात प्लेस्टेशन चपळ: सेकंदाला ५.५ जीबी, सिरीज एक्स २.४.

● जुने गेम: सिरीज एक्सवर पहिल्या एक्सबॉक्सपासूनचे अनेक गेम चालतात. प्लेस्टेशन ५ वर बहुतेक सगळे प्लेस्टेशन ४ चे.

● कंट्रोलर: प्लेस्टेशनचा ट्रिगर धनुष्य ताणताना बोटाला खरंच जड लागतो, बॅटरी आतच, चार्ज करायची. एक्सबॉक्सला दोन पेन्सिल सेल, किराणा दुकानात मिळणारे.

● डहाणूजवळच्या आशागडचा हिशेब: १०० जीबीचा गेम २० एमबीपीएस वेगाने उतरवायला सुमारे ११ तास लागतात, तेही नेट आणि वीज टिकली तर. त्यामुळे डहाणू-तलासरी पट्ट्यात डिस्कवाला कन्सोलच सोयीचा. डिस्क मित्राला देता येते, विकताही येते. बिनडिस्कच्या स्वस्ताईत ही सोय नाही.

बाकी, मित्रांकडे जो कन्सोल आहे तोच घ्यावा!