संगणकांच्या जाळ्यातील दवंडी

परगावाहून आलेल्या मनुष्यास गावात कोणाचेच घर ठाऊक नसले, तर चावडीपाशी उभे राहून सर्वांस हाक घालणे एवढाच मार्ग त्यास उरतो. घरातील वा कचेरीतील संगणकांच्या जाळ्यातही हाच न्याय चालतो. एका यंत्रातील प्रोग्रामास दुसऱ्या यंत्राचा पत्ता ठाऊक नसला म्हणजे तो आपला निरोप २५५.२५५.२५५.२५५ या पत्त्यावर धाडतो. 'या जाळ्यातील सर्वांस' असा त्याचा अर्थ १९८४ साली जेफ्री मोगल यांच्या नियमपत्राने ठरविला.

निरोप सर्व यंत्रांच्या दाराशी जातो; परंतु त्यावरील पोर्ट-क्रमांकाकडे कान देऊन बसलेला प्रोग्रामच तो उचलतो. इतर यंत्रे तो पाहून टाकून देतात. नव्याने जोडलेला मोबाईल आपला पत्ता अशीच हाक घालून मागतो. राउटर ही या गावाची वेस होय; तिच्यापलीकडे ही दवंडी जात नाही. ती जगभर गेली असती, तर परक्यांच्या हाका ऐकण्यातच प्रत्येक यंत्र शिणले असते.

या सोयीत एक धोकाही आहे. नभोवाणीप्रमाणे येथेही बोलणाऱ्यास पोच मिळत नाही, आणि उत्तर देणारा कोण याची साक्ष दवंडी देत नाही. एखाद्या लबाड यंत्राने आधी उत्तर दिले, तर नवखा मोबाईल त्यावरच विसंबतो आणि त्याचा सारा व्यवहार त्या लबाडाच्या हातून होऊ लागतो. म्हणून दवंडीने केवळ पत्ता शोधावा. गुपित मात्र ओळख पटल्यावर, सांकेतिक लिपीतच धाडावे.