पोटाच्या जुन्या दुखण्याचें निदान

भूम-परांड्याकडून सकाळच्या एस्. टी. गाडीनें बार्शीस उतरणाऱ्या उतारूंत एक मनुष्य बहुधा असतोच. त्याच्या पिशवींत भाकरीच्या फडक्याशेजारीं कागदांची एक गुंडाळी असते. दोन-तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, रक्त व लघवी तपासल्याचे कागद, सोनोग्राफीचें एक पाकीट आणि गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या असा तो ऐवज. काय होतें म्हणून विचारलें तर उत्तर येतें, "पोटांत कांहीं तरी होतंय, साहेब." हें 'कांहीं तरी' कधीं सहा महिन्यांचें असतें, कधीं तीन वर्षांचें. पुण्या-मुंबईच्या पुष्कळ घरांना हा मनुष्य परका नाहीं. तो गांवाकडचा काका असतो, आत्या असते, शेतावरचा जुना गडी असतो. आणि "मोठ्या डॉक्टरांना एकदां दाखवूं" म्हणून तो शहरांतील नातलगाच्या दारीं येतो, तेव्हां त्या घरालाही प्रश्न पडतो कीं, दाखवावयाचें तें नेमकें काय?

मराठींत पोटाच्या तक्रारींना शब्दांची वाण नाहीं. पोट डब्ब होतें, गुबारा धरतो, मुरडा येतो, आंव पडते, करपट ढेकर येतात, छातींत जळजळतें, घांस अडकतो, अन्न अंगीं लागत नाहीं. दवाखान्याची पायरी चढतांना मात्र ही सारी समृद्धि गळून पडते आणि 'गॅस' हा एकच शब्द उरतो. हें मोठेंच नुकसान होय. मुरडा बहुधा मोठ्या आतड्याकडे बोट दाखवितो. जळजळ अन्ननलिका व जठर यांच्याकडे. आणि 'घांस अडकतो' ही तर स्वतंत्र व तांतडीची वाट आहे. घरच्या भाषेंत जें नेमकें सांगतां येतें, तें दवाखान्याच्या भाषेंत आणण्याच्या हव्यासापायीं निरर्थक होऊन बसतें.

पोटाच्या वेदनेची जात मुळांतच फसवी आहे. बोटाला कांटा लागला तर डोळे मिटूनही त्याची जागा दाखवितां येते. आतड्याचें तसें नाहीं. शुद्धीवर असलेल्या माणसाचें आतडें कापलें तरी त्याला वेदना होत नाहीं. परंतु तेंच आतडें वायूनें ताणलें गेलें, कीं जीव नकोसा करणारी कळ येते. ही कळ बेंबीच्या आसपास कोठें तरी जाणवते, कारण आतड्यांच्या मज्जातंतूंना जागेचा नकाशा ठाऊक नाहीं. पित्ताशयाचें दुखणें उजव्या खांद्यांत बोलतें. हृदयाचें दुखणें कधीं कधीं पोटाच्या वरच्या भागांत बोलतें. म्हणूनच एकाएकीं घाम सुटून तेथें दुखूं लागलें तर त्याला गॅस समजून ओवा देत बसूं नये, तडक रुग्णालय गांठावें. पण आजचा विषय एकाएकीं येणाऱ्या दुखण्याचा नव्हे. मुक्कामाला आलेल्या दुखण्याचा आहे.

अशा दुखण्याला नांव देण्याचा खटाटोप आपल्याकडे जुना आहे. सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या माधवकरानें 'रोगविनिश्चय' नांवाचा ग्रंथ रचला. लोक त्याला 'माधवनिदान' म्हणूनच ओळखतात. त्यांत औषधें नाहींत. रोग ओळखावा कसा एवढाच विचार आहे, आणि अतिसार, ग्रहणी, अजीर्ण यांना स्वतंत्र प्रकरणें दिलेलीं आहेत. रोग ओळखण्याच्या ज्या पांच वाटा आयुर्वेदानें सांगितल्या, त्यांपैकीं एक 'उपशय'. अमुक अन्न, अमुक औषध वा अमुक आचरण यांनीं रोग्यास बरें वाटलें, तर त्यावरून रोगाचें स्वरूप जाणावें, असा त्याचा अर्थ. आजच्या पोटाच्या डॉक्टरांचीं यंत्रें निराळीं असलीं, तरी या वाटेवरून त्यांनाही पुष्कळदां जावें लागतें. ही वाट सांवधपणें चालली तर प्रकाश देते, आणि बेफिकिरीनें चालली तर वर्षेंच्या वर्षें भुलविते.

भुलवण्याचें ठळक उदाहरण म्हणजे 'जुनी आंव'. पोटाच्या कोणत्याही चिवट तक्रारीवर हा शिक्का मारावा आणि आंवेच्या गोळ्या द्याव्या, असा प्रघात गांवोगांवीं पडून गेला. शौचाच्या तपासणींत अमीबा दिसला, म्हणजे तर पुरावाच मिळाला! परंतु आंवेस कारण होणाऱ्या अमीबाला हुबेहूब त्याच्यासारखा दिसणारा एक निरुपद्रवी भाऊ आहे. साध्या सूक्ष्मदर्शकाखालीं दोघांत सहसा फरक करतां येत नाहीं, आणि हे दोन निरनिराळे जीव होत हें शास्त्रानें रीतसर मान्य केलें तें १९९३ सालीं. त्यापूर्वीं, आणि खरें पाहतां त्यानंतरही, किती जणांनीं या गरीब भावाच्या नांवानें कडू गोळ्या गिळल्या असतील, त्याची गणती कोणी केलेली नाहीं. गोळ्यांनीं चार दिवस बरें वाटावें, पुनः तक्रार उपटावी, पुनः गोळ्या घ्याव्या. हा उपशय नव्हे, निदान टाळण्याची ही एक रीत आहे.

याच्या उलट बाजूची चूकही तितकीच जुनी. जठरांतील व्रण हा काळजीनें व तिखटानें होतो, असें डॉक्टर व घरचीं वडील माणसें दोघेंही अनेक दशकें सांगत आलीं. ऑस्ट्रेलियांतील पर्थ येथें रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल यांनीं १९८२ सालीं जठरांत राहणारा एक वांकडा जंतु वाढवून दाखविला. ईस्टरच्या सुट्टीमुळें बशा नेहमीपेक्षां अधिक दिवस तशाच राहिल्या, म्हणून तो वाढलेला सांपडला. लोक विश्वास ठेवीनात तेव्हां मार्शलनें १९८४ सालीं तो जंतु स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला. २००५ सालीं दोघांना नोबेल पारितोषिक मिळालें. 'हेलिकोबॅक्टर पायलोरी' हें त्या जंतूचें आजचें नांव. मात्र भारतांत हा जंतु इतक्या निरोगी माणसांच्या पोटांतही सांपडतो, कीं तो आढळला म्हणून तक्रारीचें मूळ सांपडलेंच असें म्हणतां येत नाहीं. शिवाय व्रणाचें दुसरें मोठें कारण कित्येकदां त्या कापडी पिशवींतच असतें. कंबर, गुडघे दुखतात म्हणून रोज घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या जठराला जखम करतात. मधुमेहावरील मेटफॉर्मिननें जुलाब होऊं शकतात; लोहाच्या गोळ्यांनीं शौच काळें होतें. म्हणून रिकाम्या पट्ट्या फेंकून न देतां डॉक्टरांसमोर मांडाव्या. त्या पाहून एखादी महागडी तपासणी वांचते.

आतां अन्नाकडे. भूम-वाशीचा भाग खव्यासाठीं प्रसिद्ध आहे आणि कुंथलगिरीच्या पेढ्याची कीर्ति दूरवर गेलेली आहे. दूध आटवून खवा केला तरी दुधांतील साखर उडून जात नाहीं, ती एकवटते. पुष्कळ भारतीयांच्या लहान आतड्यांत ही साखर फोडणारें पाचक द्रव्य बाळपणानंतर कमी होत जातें. मग न फुटलेली साखर मोठ्या आतड्यांतील जंतूंच्या हातीं लागते, वायु धरतो, पोट डब्ब होतें, जुलाब होतात. तोच मनुष्य ताक सुखानें पितो, कारण विरजणानें त्यांतील साखरेचा कांहीं भाग आधींच संपविलेला असतो. येथें उपशय अगदीं सरळ आहे. दोन-तीन आठवडे दूध, खवा, पेढे बंद ठेवून पाहावें आणि मग पुनः घेऊन पाहावें. दोन्ही वेळां उत्तर सारखें मिळालें तर कोडें सुटलें.

गव्हाची गोष्ट इतकी सरळ नाहीं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिंवाळ्यांत, हॉलंडमध्यें दुष्काळ पडून पाव मिळेनासा झाला. सारीं मुलें वाळत असतांना हेग येथील विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाच्या कांहीं जुलाबी रोगी मुलांची प्रकृति मात्र सुधारूं लागली. त्याचा गव्हावरील संशय आधींपासूनचा होता. तो आतां पक्का झाला व १९५० सालीं त्यानें तो प्रबंधांत मांडला. गव्हांतील ग्लुटेन या द्रव्यामुळें कांहींच्या आतड्यांचें अस्तर झडतें. या सीलिॲक रोगाचें प्रमाण उत्तर भारतांत अधिक व दक्षिणेंत फार कमी आहे. धाराशिवचें मूळ अन्न शाळूची भाकरी. ज्वारींत ग्लुटेन नाहीं. तेव्हां गांवीं भाकरीवर वाढलेल्या आणि पुढें शहरांत पोळी-पावावर राहूं लागलेल्या मुलीस हा रोग उशिरां जाणवणें शक्य आहे. या रोगाची रक्ततपासणी आहे, पण तिला एक अट आहे: तपासणीपूर्वीं गहूं खाण्यांत असला पाहिजे. शेजारणीच्या सल्ल्यानें आधीं गहूं सोडला आणि महिन्यांनीं रक्त दिलें, तर कागद 'सर्व ठीक' म्हणेल आणि तो कागद खोटा असेल. दूध सोडून पाहावें, गहूं मात्र तपासणीआधीं सोडूं नये.

उपशयाची खरी कसोटी लागते ती आतड्यांच्या क्षयरोगांत. लहान आतडें मोठ्या आतड्यास जेथें मिळतें तेथें व्रण पडतात, बारीक ताप येतो, वजन उतरतें, कळा येतात. क्षयरोग हेंच करतो आणि १९३२ सालीं न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनीं वर्णिलेला क्रोन रोगही हेंच करतो. दुर्बिणींतून पाहिलें तरी दोघे सारखे दिसूं शकतात; तुकडा काढून तपासला तरी पुष्कळदां निकाल लागत नाहीं. आणि उपचार तर परस्परविरोधी: क्रोनवरील औषधें शरीराची प्रतिकारशक्ति दाबतात, क्षय असतांना तीं दिलीं तर तो भडकतो. म्हणून आपल्या देशांत संशय राहिल्यास आधीं क्षयाचीं औषधें सुरू करून दोन-तीन महिन्यांनीं पुनः दुर्बीण घालतात. भूक लागली, ताप गेला, एवढ्यावर विसंबत नाहींत, कारण क्रोनच्या रोग्यासही त्या काळांत कधीं कधीं बरें वाटतें. व्रण भरला कीं नाहीं हें डोळ्यांनीं पाहतात. नेमकी हीच दुसरी दुर्बीण रोगी टाळतो. बरें वाटतें आहे, मग पुनः खर्च कशाला? त्या एका न झालेल्या तपासणीपायीं दुखण्याचें नांव वर्षानुवर्षें चुकीचें राहतें.

ज्या बार्शीला तो मनुष्य उतरतो, तेथें या विलंबाचा विचार एका वेगळ्या अंगानें झालेला आहे. १९८७ सालीं नर्गिस दत्त स्मृति कर्करोग रुग्णालयांत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या योजनेखालीं ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. देशाच्या ग्रामीण भागांतील ती पहिली. सोलापूर जिल्ह्यांतील बार्शी आणि धाराशिव, म्हणजे तेव्हांचा उस्मानाबाद, जिल्ह्यांतील भूम व परांडा अशा तीन तालुक्यांतील साडेतीनशेंच्या जवळपास गांवें तिच्या कक्षेंत आलीं. शहरांत अशी नोंद रुग्णालयांच्या दप्तरांतून करतां येते. येथें अडचण अशी, कीं रोगी रुग्णालयापर्यंत पोंचतच नसे; मग दप्तरांत नांव कोठून येणार? तेव्हां नोंदणीचे कार्यकर्ते स्वतः गांवोगांवीं जाऊं लागले, जाणत्या माणसांना भेटूं लागले, बैठका घेऊन धोक्याचीं लक्षणें समजावून देऊं लागले आणि तशीं लक्षणें असलेल्यांना तपासणीस येण्याविषयीं विनवूं लागले. कांहीं वर्षांतच दिसून आलें, कीं या भागांत गर्भाशयमुखाचा कर्करोग पूर्वींपेक्षां आधींच्या पायरीवर सांपडूं लागला आहे. हें घडलें तें गांवीं एखादें यंत्र नेल्यानें नव्हे. कोणी तरी जाऊन विचारल्यानें. अवयव वेगळा असला तरी पोटाच्या रोग्यालाही तेंच हवें असतें.

त्या नोंदींनीं धीर देणारी गोष्टही दाखविली: मुंबईसारख्या शहराच्या मानानें या तालुक्यांत कर्करोगाचें प्रमाण बरेंच कमी आहे. पोटाच्या बहुतेक जुन्या तक्रारी कर्करोगाच्या नसतात. तरीही कांहीं प्रश्नांचीं उत्तरें घरांतच आधीं मिळवावीं. वजन न उतरवितां उतरलें आहे काय? शौचांतून रक्त जातें किंवा डांबरासारखें काळें होतें काय? घांस अडकतो काय? दुखणें वा जुलाब झोपेंतून उठवितात काय? अंग पांढरें पडलें आहे काय? तक्रार पन्नाशीच्या सुमारास प्रथमच उद्भवली काय? त्या वयाच्या स्त्रीचें पोट नव्यानें व सारखें फुगूं लागलें, तर अंडाशयाचीही तपासणी व्हावी. अजीर्णाच्या नांवाखालीं तो रोग दडून राहतो. यांतील एकाचेंही उत्तर 'होय' असेल तर चूर्णें व काढे बाजूस ठेवून तपासणीची तारीख घ्यावी.

सर्व उत्तरें 'नाहीं' आलीं, रक्त ठीक निघालें, शौचांतील कॅल्प्रोटेक्टिन या द्रव्याच्या मापावरून आतड्यांत दाह नाहीं असें दिसलें, तर घरीं परत येणारें वाक्य असतें, "कांहीं निघालं नाहीं." या वाक्यानें माणूस बरा होत नाहीं, उलट खोटा ठरतो. वास्तविक येथेंही नांव देतां येतें. गेले तीन महिने आठवड्यांतून निदान एक दिवस पोट दुखतें, त्या दुखण्याचा शौचाशीं संबंध आहे, शौचाची वेळ वा घडण बदलली आहे, आणि हें सारें सहा महिन्यांपूर्वीं सुरू झालें, अशी स्थिति असेल तर त्याला क्षुब्ध आतड्याचा विकार म्हणतात. २०१६ सालीं तज्ज्ञांनीं ठरविलेली ही कसोटी आहे. या विकारांत आतडें दिसावयास निरोगी असतें. मेंदू व आतडें यांच्यांतील निरोपांची देवघेव बिघडलेली असते, साध्या ताणालाही वेदना समजलें जातें. 'मनाचे खेळ' हें त्याचें नांव नव्हे. आहार, झोंप व कांहीं औषधें यांनीं तो आटोक्यांत राहतो. आणि पुढें वरच्या प्रश्नांपैकीं एखाद्याचें उत्तर बदललें, तर निदानही पुनः पाहावें लागतें.

म्हणून शहरांत आलेल्या काकांना मोठ्या डॉक्टरांकडे नेण्यापूर्वीं दोन आठवडे थांबणें शक्य असेल, तर एक वही घालून द्यावी. काय व केव्हां खाल्लें, केव्हां दुखलें, शौच किती वेळां व कसें झालें, रात्रीं जाग आली काय, आणि दर रविवारीं त्याच कांट्यावरचें वजन. पिशवींतील कागद तारखेप्रमाणें लावावे, पट्ट्या एका पाकिटांत घालाव्या. आणि तक्रार सांगतांना नातलगानें मध्यें 'गॅस' म्हणूं नये. काकांना त्यांच्या शब्दांत 'मुरडा' म्हणूं द्यावें.